उरलेले रंग

होडी घराशी आणली तेव्हा तिची नाळ अडकली
शेजारच्या कमळीकाकूच्या तुळशीत.
तुळस सरकवली, स्कूटर सरकवली,
मग चार टायरांवर ती टेकली
आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली.
आई म्हणाली, आता हिचंही ताट वाढू का?

दिवाळे गावातली ही चौथी होडी
जी पुढच्या मोसमात मासे आणणार नाही.
जयेंद्रने परवाना काढलाय:
बारा माणसं, बारा नारिंगी जाकिटं,
भरतीला सुटायचं, फ्लेमिंगो दाखवायचे,
पाणी उतरायच्या आत धक्क्याला.
बाहेरचा रंग दरवर्षी व्हायचाच.
पण आता लोक आत बसणार,
पांढऱ्या पॅंटी घालून.

मी चार दिवसांची रजा टाकून आले.
लॅबमध्ये वर्षभर काचपट्टीवर
लोकांचं आतलं बघते.
तिथे नाव नसतं, नुसता नंबर.
होडीला नंबर आहे, सरकारी,
आणि त्याच्या वर बाबांच्या हाताचं, तिरकं: हंसाबाय.
त्यांची थोरली बहीण. खाडीपलीकडे, उरणला दिली होती.

खणात उतरले. गुडघे छातीशी.
वायरला लोंबणारा बल्ब, कोविडमधला मास्क,
हातात पत्र्याचा तुकडा.
आधी निघाला राखाडी,
पुलाच्या कठड्याचा, मुकादमाने दिलेला अर्धा डबा.
त्याखाली गुलाबी. माझ्या लग्नात ओट्याला मारला होता,
नवऱ्याकडची माणसं अजून हसतात.
त्याखाली शाळेच्या भिंतीचा पिवळा.
त्याखाली हिरवा,
तो कुठला, बाबांनाही आठवेना.
बाहेरचा रंग दुकानातून यायचा.
आतला, जो उरेल तो.

"मासली काय रंग बगाला येते?"
बाबा, खुर्चीवरून.
गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून
ते सगळं काही खुर्चीवरूनच करतात.

पिवळ्याखाली एक खवलं चिकटलेलं.
बोयचं असावं.
खण न धुताच त्या साली रंग मारला होता.
नखाने सोडवलं, बल्बसमोर धरलं:
एकात एक वळी, बारीक,
भिंगाखाली मोजता येतील अशी.
बाबांना दाखवलं. त्यांनी हातात घेतलं नाही.
"तवा घाई होती," एवढंच.
मी हिशेब केला.
त्या साली जयेंद्र काचेच्या पेटीत होता,
सातव्या महिन्यात आलेला, तळहाताएवढा,
आणि पेटीचं भाडं दिवसावर होतं.
खवलं मी रुमालात बांधलं.
जयेंद्र धक्क्यावर गेला होता,
जाकिटांची चौकशी करायला.

तिसऱ्या दिवशी नवा डबा उघडला.
चार लिटर. शेड कार्डवर नाव: पहाटगारवा.
"आतला रंग इकत घेतला?"
बाबांनी दोनदा विचारलं,
दुसऱ्यांदा स्वतःलाच.
मग उठले. भिंत धरून, काठी धरून
होडीपाशी आले, वाकले,
आणि मी बुजवलेली फट बोटाने तपासली.
काथ्या उपसून काढला. पुन्हा पिळला.
पुन्हा भरला, अंगठ्याने दाबत दाबत,
बाळाच्या कानात तेल घालून
वर कापूस बसवतात तसा.
मला काही बोलले नाहीत.
पुढच्या फटीशी सरकले.

चार दिवस कालवणाला थिनरचा वास.
कमळीकाकूंनी खिडकी लावून घेतली,
मग उघडली, मग येऊन बघून गेल्या.
आतून होडी अशी दिसू लागली
की पाय ठेवायला संकोच वाटावा.

डब्यात दोन बोटं रंग उरला.
सवयीने सगळ्यांनी होडीकडे पाहिलं.
तिच्यात जागाच नव्हती.
आईने पदर खोचला, ब्रश घेतला,
मोरलीचा पाट रंगवला,
मोरीचं दार खालून अर्धं रंगवलं,
तरी उरला,
म्हणून बाबांच्या लोखंडी खुर्चीकडे वळली.
बाबा खुर्चीतच होते.
"मना नको रंगवू."
तिने चारही पाय रंगवले.

आता संध्याकाळ होत आलीय,
जाकिटं अजून आलेली नाहीत,
आणि बाबा धोतर गुडघ्यावर धरून
हलायचं नाही म्हणून बसलेत,
वाळेपर्यंत.